मुक्कामाची किटली

शनिवारी पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर कधी उभे राहिला आहात का? १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला एस.टी.ची पहिली गाडी धावली. तेव्हापासून या लाल गाडीने गावाला शहराशी आणि शहराला डोंगराशी जोडले. २०२४ साली स्वारगेटच्या पोटातून मेट्रोही धावू लागली. पण पहाटेचे स्वारगेट अजून तसेच आहे. भोरची गाडी कोणत्या फलाटाला लागते, वेल्ह्याची सुटली की काय, सिंहगडाच्या पायथ्याची सिटीबस कुठून मिळते, असे प्रश्न विचारत माणसे लगबग करत असतात. त्यांतच एखाद्या शाळेची पोरे दिसतात. पाठीवर पिशव्या, डोक्याला टोप्या, आणि एका पिशवीच्या बाहेर सुतळीने बांधलेली किटली. पोरगे चालले की किटली खांबाला आपटते आणि ठण्णकन वाजते.

आज मला त्या किटलीविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, किटलीवर काय बोलायचे? दुकानात जावे, एक उचलावी, झाले. मलाही एके काळी असेच वाटत होते. म्हणून आधी माझीच चूक सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेची सहल एका गडाच्या पायथ्याशी मुक्कामाला जायची होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी घाईघाईने एनॅमलची एक मोठी किटली विकत घेतली. निळाशार रंग, काठाला काळी रेघ. दिसायला मोठी देखणी. दुसऱ्या दिवशी थंडी मी म्हणत होती. तीन दगडांच्या चुलीवर कॉफीचे पाणी ठेवले. पोरे शेकोटीला बसावीत तशी भोवती कोंडाळे करून बसली. पाणी उकळल्यावर मी किटली कडीला धरून उचलली, आणि कडी ज्या कानात अडकवलेली असते तो एका बाजूचा कानच निखळला. किटली कलंडली. उकळते पाणी जवळ बसलेल्या एका मुलाच्या पावलावर सांडले.

मुलगा बरा झाला. पण महिनाभर त्याला वहाण घालता आली नाही. मी त्याच्या वस्तीवर भेटायला गेलो तेव्हा त्याच्या वडिलांनी रागाचा एक शब्द काढला नाही. एवढेच म्हणाले, "गुरुजी, पोरगं तुमच्या हवाली केलं होतं."

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. मी किटलीचा रंग पाहिला होता, कान पाहिला नव्हता. तेव्हा शिक्षकमित्रहो, आणि सहलीबरोबर जाणाऱ्या पालकांनो, पुढचे बोलणे कान देऊन ऐका.

आधी एनॅमल म्हणजे काय ते समजून घेऊ. पुष्कळांना तो रंग वाटतो. तो रंग नव्हे, ती काच आहे. वाळू, टाकणखार, सोडा असे पदार्थ एकत्र वितळवून त्यांची काच करतात, ती दळून तिची पातळ राबडी लोखंडी पत्र्याच्या भांड्यावर चढवतात आणि भांडे सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालतात. काच वितळून पत्र्याला धरते. पहिला थर बहुधा काळपट असतो, कारण त्यात लोखंडाला घट्ट धरणारे कोबाल्टसारखे धातू घातलेले असतात. त्यावर पांढरा किंवा रंगीत थर देतात. भांड्याचा टवका उडाला की आत काळे दिसते ते यामुळे.

आता काच आणि लोखंड यांचे जमते कसे? बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना तुम्ही पाहिले असेल. लोखंडी धाव लालभडक तापवून चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात. निवताना धाव आकसते आणि लाकडाला करकचून आवळते. इथे तसेच काहीसे होते. भट्टीतून निघालेले भांडे निवताना लोखंड थोडे जास्त आकसते आणि काच थोडी कमी. त्यामुळे लोखंड काचेला सगळीकडून दाबून धरते. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणून ठोका बसला, पत्रा वाकला, किंवा तापल्या भांड्यावर एकदम गार पाणी पडले, की ती तडकते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवलीत तर एनॅमल वापरण्याचे सगळे नियम आपोआप समजतात.

आपल्याकडे पूर्वी भांडी तांब्यापितळेची. पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे, तिथे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीचे ठोके घालायचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. पण तांब्यापितळेला कल्हई लागते. कल्हई उडाली आणि आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. ॲल्युमिनियमलाही चिंच, कोकम, लिंबू सोसत नाही. एनॅमलची काच चांगली असेल तर तिला आंबटाची बाधा होत नाही, वास लागत नाही, चव बदलत नाही. म्हणूनच दवाखान्यांत वर्षानुवर्षे एनॅमलची ताटे आणि तसराळी दिसत.

पण खरे ते सांगावे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ एकतृतीयांश वजनाचे असते, आणि त्याला पोचा आला तरी टवका उडत नाही. स्टेनलेस स्टील तर सगळ्यांत दणकट. तेव्हा पाठीवर ओझे घेऊन राजगड-तोरणा अशी दोन दिवसांची चाल करायची असेल तर एनॅमलची किटली नेऊ नका. एस.टी.ने पायथ्याच्या गावी उतरायचे, शाळेच्या ओसरीत नाहीतर देवळात मुक्काम टाकायचा, आणि दहा-पंधरा जणांना एका वेळी गरम काही द्यायचे, अशा वेळी ही किटली उपयोगी पडते.

आता निवड कशी करायची? रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला किंवा तुमच्या तालुक्याच्या बाजारात गेलात, तर दुकानदाराला घाई करू देऊ नका. किटली घेऊन उजेडात या आणि पुढच्या गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट कान आणि कडी. कडी धरून किटली चारदा जोरात हलवा. कान पत्र्याला पक्का जोडलेला हवा, नुसता चिकटवल्यासारखा नको. मुलांसाठी करायची असेल तर किटली पाण्याने भरा आणि भरलेली उचलून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या. कडीला लाकडी मूठ असेल तर बरे, पण ती गरगर फिरणारी किंवा तडकलेली नको. कडीखेरीज मागच्या बाजूला एक मूठ असेल तर ओतताना दोन हात लावता येतात.

दुसरी गोष्ट आतली बाजू. बाहेरचा रंग सगळेच पाहतात, तुम्ही आत पाहा. काळे ठिपके, केसासारख्या भेगा, बुडबुडे नकोत. तोटी जिथे पोटाला जोडलेली असते तो सांधा बोटाने चाचपा. काच तिथेच पातळ बसते आणि गंज तिथूनच सुरू होतो. आतून पांढरी, करडी किंवा निळी किटली घ्या. भडक लाल-पिवळी आतून नको, कारण असे रंग आणण्यासाठी कॅडमियमसारखे विषारी धातू वापरले जात आले आहेत.

तिसरी गोष्ट तोटी. शिक्षकमित्रांनो, इथे तुमचा विज्ञानाचा एक तास आहे. जोडलेल्या भांड्यांत पाण्याची पातळी सारखी राहते. म्हणजे तोटीचे तोंड किटलीच्या काठापेक्षा खाली असेल तर किटली काठोकाठ भरताच येत नाही, तोटीतून पाणी वाहू लागते. आणि उकळी आली की ते निखाऱ्यांवर उसळते. कॉफीसाठी तोटी पोटाच्या मध्यावरून किंवा वरून निघालेली बरी. अगदी बुडाशी निघालेली तोटी असेल तर खाली बसलेला सगळा चोथा पहिल्याच कपात येतो.

चौथी गोष्ट झाकण. त्याला आत खोल कड हवी, म्हणजे किटली वाकवली तरी झाकण गळून पडत नाही. दुकानातच रिकामी किटली पुरती वाकवून पाहा. आणि बूड रुंद व सपाट हवे. उंच, अरुंद बुडाची किटली मेजावर शोभते, तीन दगडांवर डगमगते.

आकार किती? माणशी १५० मिलिलिटरचा कप धरा. दहा जणांना दीड लिटर. किटली पाऊण भरावी, जास्त नाही. म्हणजे दहा जणांना दोन लिटरची किटली पुरे. वीस जण असतील तर चार लिटरची एक घेण्याऐवजी दोन लिटरच्या दोन घ्या. चार लिटर उकळते पाणी एका हातात पेलणे हे धोक्याचे काम आहे.

आता प्रवास. मघाच्या पोरासारखी किटली पिशवीबाहेर टांगू नका. गाडी खड्ड्यातून गेली की ती दांडीवर आपटते आणि टवका उडतो. पोटात साखरेची पुडी, कॉफीची पुडी, फडकी असे मऊ सामान भरा, बाहेरून पंचा गुंडाळा आणि पिशवीच्या मध्यभागी ठेवा. आणखी एक. चूल पेटवायला म्हणून रॉकेलचा डबा किंवा गॅसची टाकी गाडीत घेऊन चढू नका. ज्वालाग्राही वस्तू प्रवासी गाडीत न्यायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

मुक्कामी पोचल्यावर पहिला प्रश्न, चूल पेटवायची का आणि कुठे? डोंगरावरचे गवत दिवाळीनंतर वाळू लागते आणि होळीच्या सुमारास एका ठिणगीची वाट पाहत असते. वणवा लागला की गवताबरोबर रोपे जळतात, घरटी जळतात, पायथ्याच्या शेतकऱ्याची वैरण जळते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे राखीव वनात नियम मोडून विस्तव पेटवणे हा गुन्हा आहे. पुष्कळ गडांवर मुक्कामालाही बंदी आहे. म्हणून आधी गावात विचारा, ग्रामपंचायतीला सांगा, वनरक्षकाला विचारा. गावातल्याच एखाद्या अंगणातली चूल मिळाली तर सगळ्यांत उत्तम. त्या माउलीला सरपणाचे पैसे द्या आणि पहिला कपही तिलाच द्या.

चूल मांडताना वाऱ्याकडे पाठ करून दगड लावा. किटलीच्या बाहेरच्या बाजूला चूल पेटण्याआधी राखेचा किंवा मातीचा पातळ लेप द्या. आपल्या आया-आज्या पातेल्याला असाच लेप देत. मग काजळी लेपावर धरते आणि धुताना लेपाबरोबर निघून जाते. किटली नवी असेल तर पहिल्यांदा नुसते पाणी उकळून टाकून द्या.

पाणी विहिरीचे असो की टाक्याचे, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या. सिंहगडावरच्या देवटाक्याच्या पाण्याची गोडी प्रसिद्ध आहे, पण गोडी निराळी आणि शुद्धता निराळी. इथे तुमचा विज्ञानाचा दुसरा तास. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. सिंहगड सुमारे १३०० मीटर, तिथे ते सुमारे ९६ अंशांनाच उकळते. दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. गडावर डाळ शिजायला वेळ का लागतो, हे मुलांना तिथेच विचारा. वर्गात विचारण्यापेक्षा ते पक्के लक्षात राहील.

आता कॉफी. आपला प्रांत चहाचा, हे कबूल. पण कॉफी आपल्याला अगदीच परकी नाही. बाबा बुदन नावाच्या सत्पुरुषाने अरबस्तानातून सात बिया आणून कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी दंतकथा आहे. आपल्या विदर्भातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी पिकते. आणि जायफळ घातलेली दुधाची कॉफी आपल्या घरांतून चालत आलेलीच आहे.

मुक्कामावर ती अशी करा. पूड रवाळ घ्या. फार बारीक पूड खाली बसत नाही. दर कपामागे एक सपाट मोठा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. पाणी उकळले की किटली विस्तवावरून खाली घ्या, अर्धे मिनिट थांबा, मग पूड घाला आणि एकदा ढवळा. पूड घालून पुन्हा खळखळ उकळू नका, कडू होते. झाकण ठेवून चार मिनिटे तशीच राहू द्या. मग चमचाभर गार पाणी वरून शिंपडा. इतक्या थोड्या पाण्याने भांड्याला काही होत नाही, पण वर तरंगणारा चोथा खाली बसतो. हळूच ओता, शेवटचा अर्धा कप किटलीतच राहू द्या.

दूध मात्र किटलीत तापवू नका. एनॅमलचा पत्रा पातळ, विस्तव जिथे लागतो तिथेच तो जास्त तापतो आणि दूध करपते. शिवाय ते तोटीतून उतू जाते ते वेगळेच. दूध निराळ्या पातेल्यात तापवा आणि कपात मिसळा. जायफळ चिमूटभरच.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. किटली मुलांत फिरवायची नाही. मुलांनी दूर रांगेत बसायचे. कप जमिनीवर एका ओळीत मांडायचे, एकाच मोठ्या माणसाने ओतायचे आणि किटली चुलीशी परत गेल्यावर दुसऱ्याने कप वाटायचे. कडी धरायला कोरड्या फडक्याची चौपदरी घडी घ्या. ओले फडके नको, त्यातून उष्णता चटकन हाताला लागते. तोटी माणसांच्या उलट्या बाजूला हवी, वाफही तिथूनच येते.

एवढे करूनही भाजलेच तर? त्या दिवशी माझ्याबरोबरच्या कुणीतरी धावत दंतमंजन आणले होते, कुणी तूप म्हणाले, कुणी शाई. यांतले काहीही लावू नका. भाजलेला भाग ताबडतोब गार वाहत्या पाण्याखाली धरा, आणि एक-दोन नव्हे, पुरी वीस मिनिटे धरा. बर्फ लावू नका. अंगठी, मोजा, पैंजण असेल तर सूज येण्याआधी काढा. चिकटलेले कापड ओढू नका, फोड फोडू नका. वरून स्वच्छ कोरडे कापड हलके झाका आणि डॉक्टरांकडे न्या. म्हणून चूल पेटवण्याआधीच पाण्याची एक भरलेली बादली बाजूला हवी. तीच बादली निघताना विस्तव विझवायला उपयोगी पडते. राखेवर हात ठेवता येईल इतकी ती गार झाल्याशिवाय जागा सोडू नका.

किटलीची निगा सोपी आहे. रिकामी तापवू नका. तापलेलीत गार पाणी ओतू नका, ओल्या गार दगडावर टेकवू नका. वाळूने किंवा विटेच्या भुकटीने घासू नका. साबण आणि नारळाची शेंडी पुरे. डाग धरला तर पाण्यात खायचा सोडा घालून उकळा आणि रात्रभर ठेवा. मग पुसून, झाकण उघडे ठेवून वाळवा. बाहेरून टवका उडाला तर तिथे तेलाचे बोट फिरवा आणि वापरत राहा. पण आतून टवका उडाला तर मोह सोडा. एनॅमलला डाग देता येत नाही, कल्हईही करता येत नाही. उघडे लोखंड गंजते आणि सैल झालेल्या काचेच्या कपच्या पोटात जाऊ शकतात. अशी किटली शाळेच्या बागेत रोपांना पाणी घालायला द्या.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. एनॅमलच्या भांड्याशी आपल्या गावांची एक कडू आठवणही जोडलेली आहे. कित्येक घरांत घरच्यांना चहा कपबशीतून मिळे, आणि शेतावर राबणाऱ्या गड्यासाठी एनॅमलचे फुटके टमरेल गोठ्याच्या वळचणीला निराळे ठेवलेले असे. त्याने ते स्वतः धुवायचे आणि स्वतःच परत ठेवायचे. ज्यांनी ते पाहिले त्यांना ते विसरता येत नाही. आणि ज्यांच्या आज्या-आजोबांनी ते सोसले ती मुलेही आपल्याच वर्गात बसतात.

शिक्षकमित्रांनो, सहलीत तुमच्या हातात किटली असते. सगळ्यांना एकाच किटलीतले, एकसारख्या कपातून द्या. कप विसळायची पाळी सगळ्यांवर येऊ द्या, तुमच्यावरही. त्यावर भाषण करण्याची गरज नाही. थंडीत गरम कप हातात आला की मुलांना ते न सांगता कळते.

मी पुढच्या वर्षी दुसरी किटली घेतली. या वेळी दुकानात पाणी भरून उचलून पाहिली. सहलीला तो मुलगाही आला होता. चुलीपासून चांगला दहा हात लांब बसला होता. मी कप मांडले, ओतले, किटली खाली ठेवली. तो उठला आणि कप वाटायला लागला.